गंज, गोलाई आणि सिडको

नांदेडच्या महानगरपालिकेचे पूर्ण नाव ‘नांदेड-वाघाळा शहर महानगरपालिका’ असे आहे. १९९७ साली ती स्थापन झाली तेव्हा गोदावरीच्या दक्षिणेकडील वाघाळा जुन्या नांदेडच्या जोडीला आले आणि जोडनावाच्या उत्तरपदी जाऊन बसले. व्याकरणाच्या दृष्टीने हा इतरेतर द्वंद्व. दोन्ही पदांना सारखेच महत्त्व. व्यवहारात मात्र उत्तरपदाचा केव्हाच लोप झाला आहे. महानगरपालिकेच्या पाट्या, पावत्या आणि निविदा सोडल्या तर वाघाळ्याचे नाव सहसा कानी पडत नाही. त्या बाजूला राहणारा माणूस ‘मी सिडकोला राहतो’ असे सांगतो. शेजारची वस्ती ‘हडको’. सरकारी संस्थांच्या इंग्रजी नावांतील आद्याक्षरे हजारो कुटुंबांच्या मोहल्ल्याचे नाव होऊन बसली आहेत. मूळ गावाला नाव होते, ते कागदावर राहिले. नव्या वस्तीला नाव नव्हते, तिने बांधणाऱ्याचेच नाव लावून घेतले.

हा प्रकार एकट्या नांदेडचा नाही. शहर आणि औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे सिडको, १९७० साली स्थापन झाले ते मुख्यतः नव्या मुंबईसाठी. पण पुढे औरंगाबाद, नाशिक, नांदेड अशा शहरांच्या कडेलाही त्याने वसाहती उभ्या केल्या. आज छत्रपती संभाजीनगर झालेल्या औरंगाबादेत ‘आम्ही एन-टूला असतो’, ‘त्यांचे घर एन-फोरला’ अशी वाक्ये सुशिक्षित घरांत सहज बोलली जातात. एखादे अक्षर आणि एखादा आकडा यांवर माणसे आपले घर ओळखतात, त्यात त्यांना काही वावगे वाटत नाही. प्रश्न उपहासाचा नाही. शहराच्या कडेला नव्याने वसलेल्या माणसांना आपण एका ठिकाणचे आहोत असे केव्हा वाटू लागते? त्यासाठी वस्तीला मध्य लागतो का? आणि लागत असेल, तर तो कागदावर आखून निर्माण करता येतो का? अमेरिकेतील उपनगरांना ‘डाउनटाउन’ मिळवून देण्याच्या खटपटीमागे हेच प्रश्न आहेत. मराठवाड्यात त्यांचे एक उत्तर शंभराहून अधिक वर्षांपूर्वी दिले गेले. ते पाहण्यासाठी नांदेडहून लातूरला जावे लागेल.

लातूरचे नाव जुने आहे. राष्ट्रकूट राजे स्वतःला ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’ म्हणवीत. ते लट्टलूर म्हणजेच लातूर असे मानले जाते. सिद्धेश्वराचे देऊळ आणि त्याची यात्रा ही गावाची जुनी ओळख. पण आज आपण ज्याला लातूर म्हणतो, दाणेबाजाराचे आणि डाळीचे लातूर, ते राष्ट्रकूटांच्या पुण्याईवर उभे नाही. ते एका अरुंद लोहमार्गावर उभे राहिले. एव्हरर्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याच्या पुढाकाराने १८९७ साली बार्शी रोड (आजचे कुर्डुवाडी) ते बार्शी अशी ७६२ मिलिमीटर रुंदीची छोटी रेल्वे सुरू झाली. ती टप्प्याटप्प्याने वाढत १९११ साली लातूरला पोहोचली. निजामाच्या राज्यातील एका तालुक्याच्या गावाचा माल आता कुर्डुवाडीला मोठ्या गाडीत चढून थेट मुंबईच्या दिशेने जाऊ लागला. औसा, निलंगा, रेणापूर, चाकूर या भागातील शेतकऱ्याच्या बैलगाडीला जवळचे टोक मिळाले ते लातूरचे.

त्याच काळात हैदराबाद संस्थानात नगररचनेचा विचार जोरात होता. १९०८ च्या मुसी नदीच्या महापुराने राजधानी उद्ध्वस्त केली होती. १९११ साली मीर उस्मान अली खान गादीवर आले आणि पुढच्याच वर्षी हैदराबादेत नगरसुधारणा मंडळ स्थापन झाले. जुनी दाटी फोडून रुंद रस्ते, मोकळे चौक आणि आखीव बाजार उभारावेत, ही त्या पिढीच्या कारभाऱ्यांची धारणा होती. या वातावरणात लातूरला गंजगोलाई उभी राहिली. तिचा आराखडा फैयाजुद्दीन या नगररचनाकाराच्या नावावर आहे. मध्यभागाची दुमजली वर्तुळाकार इमारत १९१७ ची. इमारतीच्या गाभ्यात जगदंबेचे मंदिर आणि बाहेरच्या वर्तुळाकडे येऊन मिळणारे सोळा रस्ते. दिल्लीच्या कॅनॉट प्लेसचे बांधकाम सुरू झाले ते १९२९ साली. म्हणजे साम्राज्याच्या राजधानीला तिचा गोल बाजार मिळण्याआधी एक तप लातूरने आपला गोल बाजार वापरायला काढला होता.

गोलाईचा आकार देखणा आहे, पण तो टिकला तो कामाला आला म्हणून. भरलेली बैलगाडी मागे घेणे फार अवघड असते. गोल रस्त्यावर ती पुढे पुढे जात वळसा घालून हव्या त्या वाटेने बाहेर पडू शकते. सोळा वाटा असल्या म्हणजे प्रत्येक व्यापाराला आपली वाट मिळते. भुसार लाईन, कापड लाईन, सराफ लाईन ही नावे कुणा नगररचनाकाराने दिलेली दिसत नाहीत. तिथे जे विकले जाई त्यावरून ती पडली. शेतकऱ्याने एका वाटेवर धान्य घालावे, हाती आलेल्या पैशांतून दुसऱ्या वाटेवर लुगडे-धोतर घ्यावे, हंगाम चांगला गेला असेल तर तिसऱ्या वाटेवर गुंजभर सोने पाहावे आणि निघताना देवीपुढे हात जोडावेत. ही सगळी कामे एका वळशात होत. मिरची आणि गूळ, चप्पल आणि दागिने यांचे गिऱ्हाईक एकाच वर्तुळात फिरत राही. या गर्दीत तऱ्हेतऱ्हेची माणसे होती. अडत्या, हमाल, तोलारी, सराफ, कासार, गावाकडचा कुणबी आणि त्याच्याबरोबर आलेली कारभारीण, कुणाचेच काम दुसऱ्यावाचून पुरे होत नव्हते.

भाषेच्या अभ्यासकाने तर या नावापाशी थोडे थांबायलाच हवे. ‘गंज’ हा फारसी शब्द. मूळ अर्थ खजिना, साठा. त्यावरून दख्खनेत तो धान्याच्या बाजाराला लागला. ‘गोलाई’ हे उर्दूच्या वळणाचे भाववाचक नाम, गोलपणा. लातूरच्या मराठीने या भाववाचक नामाचे स्थलनाम केले, त्याला मराठी विभक्ती लावली आणि ‘गोलाईत जाऊन येतो’ असे म्हणताना यात कुठे परकेपणा आहे याची आठवणही ठेवली नाही. आराखडा फैयाजुद्दीनच्या नावावर, राज्य निजामाचे, गाभ्यात जगदंबा आणि भोवती हरेक जातीचा व्यापारउदीम. १९४८ पूर्वीच्या मराठवाड्याविषयी बोलताना आपण सहसा फक्त जुलमाची आठवण काढतो. ती आठवण खोटी नाही. रझाकारांच्या काळातील घाव या भागाने सोसले आहेत. पण त्याच राज्याने आखलेल्या एका वर्तुळात लातूरकरांनी आपली ओळख घडवली, हेही इतिहासाचेच पान आहे. लातूर मुक्त झाले तेव्हा कुणी गोलाई मोडली नाही. तोवर ती लातूरकरांचीच झाली होती.

तेव्हा गोलाईचा धडा काय? आखणी चांगली होती, हे खरे. पण आखणीच्या आधी निकड होती. रेल्वे १९११ ची, इमारत १९१७ ची. माणसे आधीच येत होती. आराखड्याने त्यांच्या येण्याला वळण दिले. आणि वळण दिल्यावर आराखडा बाजूला झाला. कोणत्या वाटेवर काय विकायचे, कुणी कुठे टेकायचे, कोणत्या वाटेला काय म्हणायचे, हे त्याने गावावर सोपवले.

आता पुन्हा नांदेडच्या दक्षिण तीरावर येऊ. सिडकोच्या वसाहतींची आखणी हीसुद्धा हुशार आणि सद्हेतूने काम करणाऱ्या माणसांची होती. मध्यमवर्गाला आणि त्याखालच्या उत्पन्नगटांना परवडेल असे घर, त्याला नळ आणि नाली, रस्त्याला नियमाची रुंदी, शाळेसाठी राखीव भूखंड, दुकानांसाठी आखलेली जागा. तालुक्यातून, खेड्यातून नोकरीसाठी आलेल्या कुटुंबाला स्वतःच्या नावाचे पहिले घर अशा वसाहतींनीच मिळवून दिले. हे ऋण मान्य केल्याशिवाय त्यांच्यावर टीका करण्याचा अधिकार कुणाला पोहोचत नाही. तरीही एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. ही रचना घराची होती; निकडीची कामे नदीच्या पलीकडे राहिली. धान्याला जुना किंवा नवा मोंढा, कापडाला आणि सोन्याला जुन्या शहराची पेठ, कचेरीच्या कामाला वजिराबादची बाजू, गाडीला स्टेशन. वसाहतीतला माणूस सकाळी पूल ओलांडून जातो आणि संध्याकाळी निजायला परत येतो. दूध, भाजी आणि औषध यांपुरते दुकान कोपऱ्यावर असते. पण ज्या कामासाठी चार वेगळ्या थरांतील माणसांना एकाच जागी यावेच लागते, असे काम वसाहतीच्या पोटात ठेवलेलेच नव्हते. १९९४ साली स्थापन झालेले स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठही याच तीरावर, विष्णुपुरीला आहे. चार जिल्ह्यांची मुले तिथे शिकतात. पण विद्यापीठ आपल्या आवारात आणि वसाहत आपल्या गल्ल्यांत. दोघांना मिळून एखादी पेठ, एखादे ग्रंथालय, पुस्तकांची चार दुकाने असलेला एखादा रस्ता लाभावा, असे कोणत्याच आराखड्याने मनावर घेतलेले दिसत नाही.

अमेरिकेत हाच पेच व्हिक्टर ग्रुएन या वास्तुकाराने सोडवू पाहिला. तो मूळचा व्हिएन्नाचा. १९३८ साली नाझींपासून जीव वाचवून अमेरिकेत आलेला. मोटारीच्या जोरावर पसरत चाललेल्या उपनगरांना मध्य नाही, चालत हिंडण्याजोगा चौक नाही, हे पाहून तो अस्वस्थ झाला. १९५६ साली मिनिआपोलिसजवळच्या एडायना या उपनगरात त्याने ‘साउथडेल’ हे छपराखालचे बाजारसंकुल उभारले. त्याच्या मनात व्हिएन्नाचा चौक होता. भोवती घरे, शाळा, दवाखाना, बाग असा सगळा पसारा त्याने कल्पिला होता. प्रत्यक्षात दुकाने तेवढी बांधली गेली आणि त्यांच्याभोवती मोटारी उभ्या करण्याचे मैदान राहिले. पुढे जगभर याच नमुन्याचे मॉल निघाले, तेव्हा उतारवयात ग्रुएनने त्यांचे पितृत्व जाहीरपणे नाकारले. १९६१ साली जेन जेकब्ज या लेखिकेने ‘द डेथ अँड लाइफ ऑफ ग्रेट अमेरिकन सिटीज’ या पुस्तकात मांडले की, रस्ता जिवंत राहण्यासाठी तिथे एकाहून अधिक प्रकारची मुख्य कामे असावी लागतात, म्हणजे वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या कामांसाठी माणसे बाहेर पडतात. लातूरच्या हमालाला हे पुस्तकात वाचावे लागले नसते. साउथडेलला खरेदी हे एकच काम होते, गोलाईला सोळा.

आखणी मनापासून केली आणि तरी तिच्यात गाव उतरले नाही, याचे आणखी वेदनादायक उदाहरण लातूर जिल्ह्यातच आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी आणि परिसर भूकंपाने कोसळला. हजारो माणसे दगडमातीच्या भिंतींखाली गेली. त्यानंतर जागतिक बँकेच्या साहाय्याने झालेल्या पुनर्वसनात लातूर आणि उस्मानाबाद (आजचे धाराशिव) जिल्ह्यांतील ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. ज्या वेगाने आणि ज्या प्रमाणावर हे काम झाले, त्याला तोड नाही. घरे भूकंपरोधक हवीत, रस्ते रुंद हवेत, पुन्हा कुणी अरुंद गल्लीत गाडले जाऊ नये, यामागची करुणा खरी होती. घराचे क्षेत्रफळ जमीनधारणेनुसार ठरले: २५०, ४०० आणि ७५० चौरस फूट. घरे अशा प्रवर्गांनी वाटली गेली, तेव्हा अनेक ठिकाणी जुनी गल्ली, जुनी भावकी आणि जुना शेजार यांची वीण उसवली. गाव पूर्वीपेक्षा कितीतरी पसरले. वेस, पार, चावडी यांना जुन्या गावात जे स्थान होते ते सरळ रेघांच्या नकाशात मावले नाही. पुढे लोकांनी ओटे वाढवले, पत्र्याची छपरे ओढली, दुकानापुढे बाक टाकले, आणि ती दुरुस्ती गावाने आपल्या हाताने केली. ज्या गावांना असा बदल करायला जागा आणि ऐपत होती ती लवकर सावरली असावीत, असे मला वाटते. भिंत भूकंपाला टिकते की नाही हे अभियंता सांगू शकतो. संध्याकाळी म्हातारी माणसे कुठे टेकणार, हे त्या म्हाताऱ्यांनाच विचारावे लागते.

नांदेडला असा मोठा फेरबदल अनुभवायला मिळाला तो २००८ साली. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगांनी येथेच देह ठेवला आणि गुरुपद ग्रंथसाहिबाकडे सोपवले. त्या गुरुतागद्दीला ऑक्टोबर २००८ मध्ये तीनशे वर्षे पूर्ण होत होती. २००५ साली सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनर्निर्माण अभियानात नांदेडचा समावेश झाला आणि शहराने पूर्वी कधी पाहिला नव्हता एवढा पैसा आला. रस्ते रुंद झाले, गुरुद्वाऱ्याच्या परिसरातील दाटी मोकळी झाली, गोदावरीला घाट मिळाले, विमानतळ सजला. यातले बरेच शहराला हवेच होते. शिवाय सचखंड हे काही सजावटीने निर्माण केलेले केंद्र नव्हे. महाराजा रणजितसिंगांच्या काळात, १८३२ ते १८३७ दरम्यान, आजची वास्तू उभी राहिली; तिच्याभोवती पिढ्यान् पिढ्या राहिलेले दख्खनी शीख मराठी आणि दखनी सहज बोलतात; होला मोहल्ल्याच्या हल्लाबोल मिरवणुकीने त्या वाटा वर्षानुवर्षे तुडवल्या आहेत. मध्य जिवंत होता, म्हणून २००८ चे काम त्याला पेलले.

पण त्या वर्षाने नांदेडच्या मनात एक समजूतही पक्की केली: शहराची ओळख म्हणजे पाहुण्याला दिसणारे शहर. सुशोभीकरण हा शब्द तेव्हापासून आपल्या नगरकारभारात फार सैलपणे वापरला जातो. कारंजे, कमान, दुभाजकावरची झाडे आणि रोषणाई. त्यातून छायाचित्र चांगले येते. सिडको-हडकोतल्या माणसाच्या पदरात मात्र त्यातून नवे काम पडत नाही, नवी भेट पडत नाही. आणि लातूरला गोलाईच्या सुशोभीकरणाचा विषय निघतो तेव्हा पहिली कुऱ्हाड चालते ती हातगाडीवाल्यांवर, पाथारीवाल्यांवर. धान्याचा मोठा व्यवहार बाजार समितीच्या आवारात गेला, गंजात आता गंज उरलेला नाही. अशा वेळी गोलाईला गोलाईपण देणारी माणसे उरली आहेत ती हीच. त्यांच्यामुळे वाहतूक खोळंबते हे खरे. पण वर्तुळ रिकामे करून राखले तर उरेल ते एक शोभिवंत वाहतूक बेट. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने प्रत्येक शहरात विक्री समिती आणि तिच्यात किमान ४० टक्के विक्रेत्यांचे प्रतिनिधी सांगितले आहेत. गोलाईचा नवा नकाशा काढणाऱ्यांनी पहिली बैठक त्यांच्याबरोबर घ्यावी, ही मागणी काव्यमय नाही. ती कायद्यातली आहे.

सिडकोलाही मध्य मिळू शकेल. त्यासाठी सोळा वाटांची गरज नाही. महानगरपालिकेचे कर भरण्याचे कार्यालय, बसचा थांबा, रोजची भाजी मंडई, दवाखाना आणि एक बरे वाचनालय, ही पाच कामे पाच टोकांना न विखुरता एका हाकेच्या अंतरावर आणली तरी पुष्कळ. माणसे कामाने येतील. आली की थांबतील. थांबली की चहाची टपरी निघेल. टपरी निघाल्यावर तिला अतिक्रमण म्हणून उठवायचे की नाही, एवढाच निर्णय मग नगररचनाकाराच्या हाती उरतो, आणि बहुधा तोच सर्वांत महत्त्वाचा असतो.

राहता राहिला नावाचा प्रश्न. लेखाच्या आरंभी मी ‘सिडको’ या नावाविषयी थोड्या तक्रारीच्या सुरात लिहिले. लातूरची वाट फिरून आल्यावर ती तक्रार मला पूर्वीइतकी खरी वाटत नाही. ‘गंज’ हाही एके काळी कारभाराचाच शब्द होता, राज्यकर्त्यांच्या भाषेतला. लातूरने त्याला शंभर वर्षे वापरून आपलासा केला. वाघाळ्याचे नाव बुडू नये, हे खरेच; पण ‘सिडको’ची आद्याक्षरेही एखाद्या दिवशी कुणाच्या कवितेत, कुणाच्या आठवणीत घराच्या नावासारखी येऊ शकतील. तिथे वाढलेली मुले आता लिहिण्याच्या वयाची झाली आहेत. त्यांना लिहिण्याजोगे काही त्या गल्ल्यांत घडत राहील की नाही, हे मात्र आज तिथे काय आखले जाते आणि काय मोकळे सोडले जाते यावर अवलंबून आहे.